‘डूम’ पहिल्यांदाच खेळताय? पहिल्या खोलीपासून दोन बॅरनपर्यंत

१० डिसेंबर १९९३ रोजी आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने ‘डूम’ हा राक्षसांवर नेमबाजी करण्याचा संगणकखेळ लोकांसमोर आणला, तोही पहिला भाग फुकट वाटून. नऊ लेव्हल मोकळ्या मनाने खेळा, मित्रांना कॉपी करून द्या, आवडलं तर उरलेले दोन भाग विकत घ्या, असा तो शेअरवेअरचा व्यवहार होता. त्या नऊ लेव्हल आजही फुकटच मिळतात, आणि आज शिकायला सुरुवात करायची तर माझ्या मते त्याच घ्याव्यात. हा लेख त्या पहिल्या भागापुरताच आहे. पुढचं काही जागोजागी सांगितलंय, पण लक्ष्य एकच: आठव्या लेव्हलच्या शेवटी उभे असलेले दोन बॅरन, म्हणजे या भागातले सगळ्यात दणकट राक्षस, तुमच्या हातून पडावेत.

आजकालचे नेमबाजीचे खेळ खेळून आलेला माणूस ‘डूम’मध्ये हमखास एक चूक करतो. तो भिंतीआड बसतो, डोकं बाहेर काढून नेम धरतो, गोळी झाडतो, परत आड जातो. इथे बसून राहिलं की जखम आपोआप भरत नाही, बंदुकीला मॅगझिन बदलावं लागत नाही आणि नेम तर खेळ स्वतःच अर्धा धरून देतो. म्हणजे दडून बसण्यातून मिळण्यासारखं फारसं काही उरतच नाही. ‘डूम’ पावलांवर खेळायचा असतो. खाली जे जे लिहिलंय, ते फिरून फिरून याच गोष्टीशी येईल.

आधी खेळ मिळवा

तीन वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे २०२४ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजच्या मदतीने आलेली ‘डूम’ आणि ‘डूम टू’ची एकत्र अधिकृत आवृत्ती. संगणकावर आणि कन्सोलवर ती चालते आणि काही जुळवाजुळव करावी लागत नाही.

दुसरी वाट थोडी खटपटीची, पण मला जास्त आवडणारी. आयडीचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी लिहिलेल्या इंजिनाचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सोर्स कोड १९९७ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला आणि त्यातून लोकांनी आजच्या संगणकांवर चालणारी इंजिनं घडवली. त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात. ‘चॉकलेट डूम’ जवळजवळ हुबेहूब १९९३ सारखा चालतो, तर ‘जीझेडडूम’मध्ये नव्या सोयी भरपूर आहेत. इंजिन उतरवून घ्यायचं आणि खेळाची वॅड फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकायची. नकाशे, चित्रं, आवाज असं खेळाचं सगळं सामान या वॅडमध्ये असतं. पहिल्या भागाची फुकट फाइल ‘डूम१ डॉट वॅड’ नावाची असते.

तिसरी वाट ‘फ्रीडूम’ची. इंजिन तेच, पण चित्रं, आवाज आणि नकाशे सगळे स्वयंसेवकांनी नव्याने बनवलेले आणि पूर्ण मुक्त. मात्र त्याचे नकाशे वेगळे असल्यामुळे खाली सांगितलेल्या जागा त्यात सापडणार नाहीत.

बटणं

मूळ खेळ बाणांच्या बटणांवर चालायचा: कंट्रोलने गोळी, स्पेसने दार, शिफ्टने धावणं. तसा तो आज खेळू नका. डब्ल्यू-ए-एस-डी आणि माऊस लावा. दोन गोष्टी मात्र सेटिंगमध्ये जाऊन नक्की बघा.

पहिली, कायम धावण्याचा पर्याय सुरू करा. ‘डूम’मधला नायक धावला तरच धड चालतो, शिफ्ट दाबून ठेवण्यात एक बोट अडकवू नका. दुसरी, जुन्या पद्धतीच्या इंजिनात माऊस पुढे ढकलला की माणूसही पुढे सरकतो. ते बंद करा, नाहीतर कड्यावरून खाली पडाल आणि का पडलो ते कळणारही नाही.

वर-खाली बघायची सोय नव्या इंजिनांत मिळते. सुरुवातीला ती बंदच असू द्या. मूळ खेळात वर-खाली नेम धरताच येत नाही. राक्षस उंच कट्ट्यावर असला तरी तो तुमच्या बंदुकीच्या सरळ रेषेत आणा, की गोळी आपोआप वर जाते. उडीही नाही. रुंद खाच ओलांडायची असेल तर पळत जायचं. लेव्हल रचणाऱ्यांनी सगळं या मर्यादा धरूनच रचलंय, त्यामुळे सुरुवातीला त्या तशाच पाळल्या तर खेळ जास्त नीट समजतो.

काठिण्याच्या पाच पातळ्या

‘मी मरायला फार लहान आहे’ अशा अर्थाच्या पहिल्या पातळीवर तुम्हाला निम्मीच इजा होते आणि दारूगोळा दुप्पट मिळतो. दुसऱ्या पातळीवर राक्षस तेवढेच, पण ही सवलत नाही. तिसरी म्हणजे ‘हर्ट मी प्लेन्टी’, मधली. चौथ्या ‘अल्ट्रा-व्हायोलन्स’वर गर्दी बरीच वाढते. पाचव्या ‘नाइटमेअर’वर राक्षस चपळ होतात, मेलेले पुन्हा उठतात, आणि ती निवडल्यावर खेळ स्वतःच ‘नक्की ना?’ असं विचारतो.

कधीच नेमबाजीचा खेळ खेळला नसाल तर दुसरी, खेळला असाल तर तिसरी. पहिली मी सुचवत नाही. तिच्यात चुकीची किंमत इतकी कमी लागते की पाऊल हलवायची गरजच वाटत नाही आणि तीच सवय पुढे नडते.

पहिली खोली आणि चालण्याचा सराव

पहिल्या लेव्हलचं नाव ‘हँगर’. आयडीच्याच जॉन रोमेरो यांनी रचलेली ही लेव्हल नवख्या माणसाला न बोलता शिकवते, म्हणून तिच्यात जरा रेंगाळा. डाव्या हाताला पायऱ्या चढून गेलं की हिरवं चिलखत मिळतं. म्हणजे सरळ पुढे न धावता आजूबाजूला बघणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला बक्षीस. खिडकीतून बाहेरचं अंगण दिसतं, त्यात निळं चिलखत ठेवलंय, पण तिथे जायला दार दिसत नाही. वाट आहे, ती लपवलेली आहे. दिसतं पण पोचता येत नाही, याचा अर्थ ‘शोध’, हा पुढच्या सगळ्या लेव्हलचा धडा इथेच मिळतो.

आता सराव. पुढे हिरव्या विषारी द्रवावरून नागमोडी वाट गेली आहे आणि तिथे उंचावरून तपकिरी, काटेरी इम्प आगीचे गोळे फेकतो. त्याला लगेच मारू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून फक्त डावीकडे-उजवीकडे सरका. गोळा तुम्ही होतात तिथे येतो, तुम्ही आहात तिथे नाही. दोन-चार मिनिटं नुसते गोळे चुकवा. कधी सरकायला लागायचं हे हाताला कळलं की अर्धा ‘डूम’ आला.

याचा पुढचा टप्पा म्हणजे गोल फिरणं. राक्षसाला मध्यभागी ठेवायचं, नजर त्याच्यावर खिळवायची आणि एकाच बाजूला सरकत त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं. माऊसने तोंड वळवत राहायचं, बोटाने सरकत राहायचं. सुरुवातीला वर्तुळाचं अंडं होतं, भिंतीला पाठ घासते. रोज दहा मिनिटं केलं की जमतं. आणखी एक बारकावा: पुढे आणि बाजूला अशी दोन्ही बटणं एकदम दाबली की तुम्ही तिरके जाता आणि सरळ धावण्यापेक्षा जास्त वेगाने जाता. इंजिनात दोन्ही दिशांचे वेग बेरजेने धरले जातात, त्यामुळे असं होतं. जाणकार खेळाडू सगळी लेव्हल तिरकीच धावतात.

आणि मागे बघा. ‘डूम’मध्ये तुम्ही झाडलेल्या गोळीचा आवाज उघड्या दारांतून, कोपऱ्यांतून पुढच्या खोल्यांत पोचतो आणि तिथले राक्षस जागे होऊन तुम्हाला शोधत येतात. बंद दार तो आवाज अडवतं. त्यामुळे नव्या खोलीचं दार उघडून एक गोळी झाडायची, मागे मोकळ्या जागेत यायचं आणि येणाऱ्यांना तिथे गाठायचं, ही साधी युक्ती खूप कामाला येते. मात्र काही राक्षस मुद्दाम बहिरे ठेवलेले असतात. ते तुम्ही नजरेस पडेपर्यंत हलत नाहीत. ‘खोली रिकामी झाली’ असं आवाजावरून ठरवू नका.

कोणाला आधी मारायचं

समोर पाच जण उभे आहेत. सगळ्यात मोठा, सगळ्यात भेसूर दिसणारा आधी मारावा असं वाटतं. ते चूक आहे.

‘डूम’चे शत्रू दोन जातींत वाटा. एका जातीचा मारा उडत येतो आणि तो दिसतो: इम्पचा गोळा, बॅरनचा हिरवा गोळा. तो चुकवता येतो. दुसऱ्या जातीची गोळी झाडल्या क्षणीच लागते. बंदूकधारी झॉम्बी आणि शॉटगनवाला झॉम्बी हे त्या जातीचे. पावलं कितीही चपळ असली तरी त्यांची गोळी चुकवता येत नाही. त्यांना झाडायची संधीच न देणं एवढंच हातात असतं. शॉटगनवाल्याचे तिन्ही छर्रे नीट बसले तर तुमच्या सुरुवातीच्या १०० जीवातून एका फटक्यात ४५ पर्यंत इजा होऊ शकते, आणि त्याचा जीव, म्हणजे मरेपर्यंत तो सोसू शकतो ती इजा, मात्र ३०च. म्हणून गर्दीत टक्कल पडलेला, काळ्या कपड्यांतला तो माणूस दिसला की सगळं सोडून आधी त्याला. मेल्यावर तो शॉटगन आणि चार काडतुसंही टाकून जातो. पहिल्या लेव्हलमध्ये शॉटगन मिळवायचा तोच सोपा मार्ग.

नंतर इम्प. त्याचा जीव ६०. शॉटगनमधून एका वेळी सात छर्रे सुटतात, प्रत्येकाची इजा ५ ते १५. जवळून नीट बसली तर इम्प बहुतेक वेळा एका काडतुसात पडतो. लांबून झाडली की छर्रे पांगतात आणि दोन लागतात. म्हणजे हिशोब असा की इम्पकडे सरकत जा, गोळा चुकवा, जवळ जाऊन एक काडतूस द्या.

गुलाबी राक्षस, ज्याला खेळाडू ‘पिंकी’ म्हणतात, १५० जीवाचा आहे पण फक्त चावतो. त्याला मागे मागे सरकत मोकळ्या जागेत घेऊन जा. त्याचाच जवळजवळ अदृश्य भाऊ म्हणजे स्पेक्टर. अंधारात हवा थरथरल्यासारखी दिसली की तो. दिसला नाही तरी गुरगुर ऐकू येते, त्यामुळे हेडफोन लावून खेळा.

आणि त्यांना आपसात भांडू द्या. ‘डूम’मधली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट हीच. एका राक्षसाचा मारा चुकून दुसऱ्याला लागला, की दुसरा तुम्हाला सोडून त्याच्यावर उलटतो. इम्पचा गोळा इम्पला इजा करत नाही, पण पिंकीला लागला तर पिंकी इम्पवर धावून जातो. झॉम्बींच्या गोळ्या तर त्यांच्याच जातीच्या माणसांनाही लागतात. म्हणून दोन वेगळ्या जातींच्या मधोमध उभे राहा, एकाने मारा केला की सरका. नंतर कोपऱ्यात जाऊन काडतुसं वाचवत बघत राहायचं. जो जिंकेल तो अर्धमेला असतो. इथेही काम पावलांचंच, बंदुकीचं नाही.

हिरव्या द्रवाची पिंपं दिसली तर त्यांच्याजवळ लढू नका. पिंपाचा जीव २०, आणि फुटलं की अगदी लगतच्याला १२८ पर्यंत इजा होते, म्हणजे जवळजवळ रॉकेटइतकीच. शत्रू पिंपाशेजारी असेल तर एक गोळी पिंपाला.

हातातलं शस्त्र

पिस्तूल आणि ५० गोळ्यांनी सुरुवात होते. पिस्तुलाने पिंपं फोडा, लांबचा एखादा झॉम्बी टिपा, बाकी शॉटगन मिळाली की ती दिवसभर हातात ठेवा. चेनगन ही सलग गोळ्या झाडणारी बंदूक पिस्तुलाच्याच गोळ्या खाते. बटण दाबून धरलं तर गोळ्या पांगतात. थोडं थोडं दाबून दोन-दोन गोळ्या सोडल्या तर लांबही सरळ जातात. झॉम्बींच्या रांगेला तिच्यासारखं दुसरं काही नाही, कारण गोळी लागून कळवळणाऱ्याला स्वतः झाडायला वेळ मिळत नाही.

रॉकेट लाँचर जवळून कधीच नाही. स्फोट तुम्हालाही लागतो आणि पूर्ण जीव असतानाही तुम्ही स्वतःच्याच रॉकेटने मरू शकता. करवत पिंकीसाठी. काळी पेटी, ‘बर्सर्क’, उचलली की जीव १०० पर्यंत भरतो आणि त्या लेव्हलपुरता मुठीचा जोर दहापट होतो. पडद्यावर आलेली लाल झाक थोड्या वेळाने ओसरते, पण जोर लेव्हल संपेपर्यंत राहतो. बरेच नवे खेळाडू झाक गेली की मूठ सोडून देतात. प्लाझ्मा गन आणि बीएफजी ९००० या खेळातल्या दोन मोठ्या बंदुका पहिल्या भागात नाहीतच, त्या शोधत वेळ घालवू नका.

औषध आणि चिलखत

छोटी पेटी १०, मोठी २५. जीव १०० असताना त्या उचलल्याच जात नाहीत, तेव्हा जागा लक्षात ठेवा आणि मार खाल्ल्यावर परत या. निळ्या बाटल्या एकेक वाढवतात, पण २०० पर्यंत नेतात.

चिलखतात एक मेख आहे. हिरवं चिलखत इजेचा एक तृतीयांश भाग झेलतं, निळं निम्मा. निळ्याचे ६० उरले असताना हिरवं उचललं तर आकडा १०० होतो, पण दर्जा हिरव्याचा होतो. आकडा वाढला म्हणून खूश होऊ नका. तशा वेळी मी हिरवं तिथेच सोडतो.

पडद्याच्या तळाशी मध्यभागी दिसणारा नायकाचा चेहरा शोभेचा नाही. मार ज्या बाजूने आला त्या बाजूला तो बघतो. पाठीमागून गोळी लागली आणि कुठून ते कळलं नाही, तर चेहऱ्याकडे एक नजर टाका.

दारं, किल्ल्या आणि लपलेल्या खोल्या

निळी, पिवळी, लाल अशा किल्ल्या असतात आणि ज्या दाराच्या कडेला त्या रंगाची पट्टी आहे ते दार त्या किल्लीने उघडतं. अडलात तर टॅब दाबून नकाशा बघा. मूळ रंगांत लाल रेषा म्हणजे भरीव भिंत, पिवळी म्हणजे छताची उंची बदलते आणि तपकिरी म्हणजे जमिनीची. बहुतेक दारं पिवळी दिसतात, म्हणून जिथे पिवळी रेषा आहे आणि पलीकडे काही आखलेलं नाही, तिथे तुम्ही अजून गेलेला नाही.

लपलेली दारं मात्र नकाशावर भिंतीसारखी लालच दिसतात. त्यांच्यासाठी डोळे वापरावे लागतात: भिंतीच्या चित्राचा सांधा जुळत नाही, एक तुकडा किंचित वेगळ्या रंगाचा आहे, एकच दिवा लुकलुकतो, किंवा नकाशात चार खोल्यांच्या मधोमध मोठी रिकामी जागा उरते. अशा भिंतीसमोर जाऊन दार उघडायचं बटण दाबा. लेव्हल संपल्यावर किती टक्के लपलेल्या जागा सापडल्या ते खेळ दाखवतो. पहिल्या खेपेला शंभर टक्क्यांच्या मागे लागू नका. तिसऱ्या लेव्हलमध्ये मात्र थोडं शोधाच, कारण लपवलेल्या नवव्या लेव्हलची वाट तिथून जाते.

विषारी द्रवात इजा साधारण दर सेकंदाला एकदा होते. त्यामुळे छोटं अंतर पळत पार करणं बरेचदा परवडतं. हिरवट पोशाख मिळाला तर ६० सेकंद त्यात बिनधास्त फिरा. वेळ संपत आली की पडद्याची झाक लुकलुकते.

सेव्ह करायला एफ६, परत आणायला एफ९. प्रत्येक लेव्हलच्या सुरुवातीला एकदा आणि मध्ये एकदा, एवढं पुरे. सेव्ह न करता मेलात तर तीच लेव्हल पिस्तूल आणि ५० गोळ्या घेऊन पुन्हा सुरू होते. त्याने खचू नका. या लेव्हल तेवढ्या सामानावरही पार होतील अशाच रचल्या आहेत, आणि तशा खेळल्यावर कुठली बंदूक कुठे आणि का ठेवली ते उमगतं.

आठवी लेव्हल

लिफ्टने वर आलात की दोन्ही बाजूंची दारं उघडतात आणि दोन बॅरन बाहेर येतात. प्रत्येकाचा जीव १०००. आपसात भांडायला लावायची युक्ती इथे चालत नाही, कारण बॅरनचा गोळा बॅरनला इजा करत नाही.

पहिलं काम, मोकळ्या जागेत या. दोघांच्या मध्ये कधीच थांबू नका. धावत जाऊन दोघांनाही एकाच बाजूला घ्या, म्हणजे दोन्ही गोळे एकाच दिशेने येतील. मग तेच मोठं वर्तुळ, जे तुम्ही पहिल्या लेव्हलमध्ये इम्पभोवती काढायला शिकलात. रॉकेटं असतील तर मधल्या अंतरावरून, नसतील तर शॉटगन. छर्रे सगळे बसले तर एका काडतुसाला सरासरी ७० इजा, म्हणजे एका बॅरनला साधारण पंधरा काडतुसं. आधी एकालाच पूर्ण संपवा. दोघांना अर्धं अर्धं मारण्यात फायदा नाही, अर्धमेला बॅरनही तेवढ्याच जोराने फेकतो. गोळा जवळून गेला की लगेच दिशा बदलायचा मोह होतो. बदलू नका, त्याच दिशेने सरकत राहा. दिशा बदलताना एक क्षण तुम्ही जागच्या जागी असता आणि गोळा नेमका त्याच क्षणी लागतो.

दोघेही पडले की भोवतालच्या भिंती खाली जातात आणि टेलिपोर्टरची वाट मोकळी होते. त्यावर पाऊल ठेवलंत की तुम्ही एका अंधाऱ्या, राक्षसांनी भरलेल्या खोलीत पडता आणि जीव झपाट्याने उतरतो. मागची सेव्ह उघडू नका, तुमचं काही चुकलेलं नाही. पहिला भाग असाच संपतो. मजकुराचा पडदा येईल, तो वाचा. दुसरा भाग तुमच्याकडे असेल तर तो पुन्हा पिस्तूल आणि ५० गोळ्यांनी सुरू होईल.